पिठाचा गोळा केवढा असावा?

माझं लहानपण पुण्यातल्या एका वाड्यात गेलं. वाड्यातल्या दोन-तीन काकू सकाळी लवकर पापडाच्या केंद्रावर जात. तिथून भिजवलेलं पीठ आणायचं, घरी लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन नवं पीठ घ्यायचं. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं, ते पुढे याच रीतीने वाढलं. कारखाना एके ठिकाणी नाही. तो घराघरांत पसरलेला. संगणकाच्या जगातही नेमकी अशीच एक रीत आहे आणि तिच्यातला एक साधा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. एका वेळी पीठ किती द्यायचं?

काही शास्त्रीय प्रश्नांना इतकी आकडेमोड लागते की एका संस्थेचा महासंगणकही अपुरा पडतो. उलट घराघरांतले संगणक दिवसाचा बराच वेळ रिकामे बसलेले असतात. मग मोठ्या कामाचे तुकडे करून ते स्वयंसेवकांच्या संगणकांना इंटरनेटवरून वाटायचे आणि उत्तरं गोळा करायची. अशा एका तुकड्याला ‘वर्क युनिट’ म्हणतात. परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेणारा बर्कले विद्यापीठाचा ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प १७ मे १९९९ रोजी सुरू झाला आणि ही कल्पना जगभर पोचली. त्याच्या एका युनिटमध्ये रेडिओ दुर्बिणीने टिपलेली १०७ सेकंदांची माहिती असे. आकाराने ती एक मेगाबाइटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच, पण त्या काळच्या घरगुती पीसीला ती तपासायला कित्येक तास लागत.

आता हिशेब पाहा. समजा एक लाख संगणक कामाला आहेत आणि एक युनिट तासाभरात संपतं. म्हणजे दिवसाला २४ लाख उत्तरं परत येणार आणि तितकीच नवी युनिटं बाहेर जाणार. सेकंदाला सुमारे २८! प्रत्येकाची नोंद करायची, मुदत पाहायची, उत्तर बरोबर आहे का ते ताडायचं. त्यात एकाच्या उत्तरावर विसंबता येत नाही, म्हणून बऱ्याच प्रकल्पांत तेच युनिट दोन वेगळ्या संगणकांना देतात आणि उत्तरं जुळली तरच मानतात. हा सगळा भार मधल्या सर्व्हरवर येतो. तेच युनिट दहा तासांचं केलं की भार एक दशांश होतो. केंद्रावर काकूंची रांग लागू नये म्हणून प्रत्येकीला पीठच जास्त द्यायचं, असं झालं.

हा भार आपल्याही दारात येतो, हे मला फजितीतून कळलं. २००५ मध्ये, जागतिक भौतिकी वर्षात, ‘आइन्स्टाइन ॲट होम’ सुरू झाला. तेव्हा मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो. सुट्टीत, कुणालाही न विचारता, मी प्रयोगशाळेतल्या २४ संगणकांवर तो कार्यक्रम बसवला. सुट्टी संपली आणि सोमवारी सकाळी सगळे संगणक एकदम सुरू झाले. चोविसांनीही एकाच वेळी काम मागितलं. प्रत्येकाला काही मेगाबाइटच्या फाइली हव्या होत्या आणि आमची लाइन होती बारीक. नेमका त्याच दिवशी मुलांना परीक्षेचे अर्ज भरायचे होते. तासभर एकही पान उघडेना. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, “सर, विज्ञानाची सेवा ठीक आहे, पण अर्जाची मुदत चुकली तर या मुलांचं काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी सगळं काढून टाकलं. पुढे रीतसर परवानगी घेऊन चार संगणकांवर, रात्रीच्या वेळेपुरतं, ते परत बसवलं.

मग युनिट मोठंच का करू नये? त्याचीही चव मी घेतली. ‘क्लायमेट प्रेडिक्शन’ हा ऑक्सफर्डचा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. त्यात पृथ्वीच्या हवामानाचं एक पूर्ण प्रारूप घरच्या संगणकावर कित्येक आठवडे, कधी महिने चाले. सर्व्हरला त्रास जवळजवळ नाही. पण आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं. असे कार्यक्रम ठरावीक वेळाने झालेलं काम डिस्कवर लिहून ठेवतात, त्यामुळे वीज गेली तरी बहुधा थोडंच वाया जातं. माझ्या नशिबी मात्र एका संध्याकाळी वीज गेली ती डिस्क बिघडवूनच. दीड महिन्याचं काम अर्धवट राहिलं. प्रकल्पाच्या लोकांनी एक शहाणपण केलं होतं. मधल्या टप्प्यांचे छोटे निरोप संगणक अधूनमधून पाठवत असे. तेवढी नोंद तिकडे पोचली होती, हेच समाधान.

म्हणजे युनिट लहान तर सर्व्हर दमतो आणि मोठं तर जुना पीसी असलेला, वीज जाणारा, कधीमधी इंटरनेट लावणारा माणूस बाहेर पडतो. मला हा प्रश्न नुसता तांत्रिक वाटत नाही. मदत करायची संधी कुणाला मिळणार, हे त्यावर ठरतं.

यावर उपायही निघाले. संगणक वेगवान झाले तेव्हा २००६ मध्ये ‘सेटी’ने त्याच माहितीची तपासणी अधिक बारकाईने करायला घेतली. युनिट लांबलं आणि विज्ञानही सुधारलं. ‘आइन्स्टाइन’च्या सर्व्हरने, ज्या संगणकाकडे जी फाइल आधीच आहे तिच्यावरचंच पुढचं काम त्याला द्यायचं, अशी रीत ठेवली. सर्व्हर बंद असेल तर घरचा संगणक थोडं थांबून, मग आणखी जास्त थांबून विचारतो. सगळे एकदम दार ठोठावत नाहीत. २००५ मध्ये बर्कलेच्या गटाने दाखवलं की त्यांच्या ‘बॉइंक’ प्रणालीत एक स्वस्त सर्व्हर दिवसाला ८८ लाख कामं वाटू शकतो आणि आणखी दोन यंत्रं जोडली तर २ कोटी ३६ लाख. तरीही अंदाज चुकतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीत जगभरचे लोक ‘फोल्डिंग ॲट होम’ला एवढ्या संख्येने येऊन मिळाले की वाटायला युनिटंच उरली नाहीत. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ‘सेटी’ने नवं काम देणं थांबवलं.

पुण्याशी या गोष्टीचं जवळचं नातं आहे. १९९१ मध्ये आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी गुरुत्वीय लहरी ओळखण्यासाठी किती नमुने ताडून पाहावे लागतील, म्हणजे आकडेमोड किती लागेल, यावर काम केलं. पुढे धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी ढोबळ चाळणी, मग बारीक चाळणी, अशी पद्धतही मांडली. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून सतत येणाऱ्या, फार क्षीण लहरी शोधतो. त्या अजून सापडलेल्या नाहीत. पण २०१० मध्ये रेडिओ दुर्बिणीच्या माहितीतून स्वयंसेवकांच्याच संगणकांनी एक नवा स्पंदक तारा शोधून दिला. आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिची माहिती येऊ लागेल तेव्हा ही आकडेमोड आणखी वाढेल.

तुम्हाला यात भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्या. मात्र संगणक आपला नसेल तर आधी विचारा, विजेच्या बिलाकडे लक्ष ठेवा आणि मुदतीत पुरं होईल एवढंच काम मागा. आमच्या वाड्यातल्या काकू केंद्रावर हेच सांगत, “उद्यापर्यंत लाटून होईल, तेवढंच द्या.”

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)