खोली कुणाच्या नावावर आहे?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



परतफेडीचा विषय संपला, आता थोडा वेळ मला द्या. विषय जरा अवघड आहे. काहीजणी म्हणतील, हे बचत गटात कशाला? पण एवढ्यात दोन-तीन गावांत बैठक संपल्यावर आयांनी मला बाजूला घेऊन, आवाज बारीक करून हेच विचारलं. "पोरगी चाकणला कंपनीत आहे. लग्न न करता एका मुलासोबत खोली घेऊन राहते म्हणे. आता काय करायचं?"

हे चांगलं की वाईट, ते मी सांगणार नाही. ते ज्याचं त्याने ठरवावं. पण एक गोष्ट आधी करा, किंवा खरं तर करू नका. तिचा फोन उचलणं बंद करू नका. "तू आम्हाला मेलीस" असं एकदा ऐकलेली मुलगी पुढे मार खाल्ला तरी घरी सांगत नाही, आणि तिला जायला दुसरी जागा नाही हे त्या मुलालाही कळतं.

मुलगी 18 वर्षांची झाली का, ते मात्र नक्की बघा. झाली नसेल तर तिची मर्जी होती असं कायदा धरत नाही, पोक्सो लागतो. दोघंही सज्ञान असतील, तर एकत्र राहणं हा गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे. टीव्हीवर नोंदणीची बातमी दाखवतात ती उत्तराखंडची. आपल्या राज्यात तसा नियम नाही.

मग फोनवर काय विचारायचं? "जेवलीस का?" याच्या पुढचं विचारा. खोलीचा करार कुणाच्या नावावर आहे? अकरा महिन्यांचा करार करतात, तो लेखी आणि नोंदवलेला हवा. ते काम घरमालकाचं आहे, पण करारात तिचंही नाव आहे का, हे तिने बघायचं. डिपॉझिट कुणी भरलं? रोख दिलं की खात्यातून? गाडीचा हप्ता हिच्या पगारातून जातो आणि गाडी त्याच्या नावावर, असं तर नाही? फ्रिज, गॅस, गादी, सगळं "आपलं" म्हणून घेतात. भांडण झालं की "आपलं"चं "माझं" व्हायला एक रात्र पुरते.

आपण गटात दहा रुपये आले तरी वहीत लिहितो, सह्या घेतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की माझ्यावर विश्वास नाही का. मग मुलीला सांगा, एक वही कर. किराणा, भाडं, लाइट बिल, कुणी किती दिलं, ते लिही. पगार स्वतःच्या खात्यात, एटीएम कार्ड स्वतःच्या पर्समध्ये. आणि कामं? दोघंही शिफ्ट करून येतात आणि पोळ्या हिनेच लाटायच्या, हे लग्न न करताही होतंच. तेही विचारा. हसू नका, मी खरंच सांगते!

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त लग्न झालेल्या बाईसाठी नाही. "लग्नासारखं नातं" असेल तरी तो लागू होतो. त्यासाठी न्यायालय काय बघतं, तर दोघं लग्नाच्या वयाचे होते का, दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं नव्हतं ना, बराच काळ एकत्र राहिले का, लोकांसमोर नवरा-बायकोसारखे वागले का. चार दिवस राहिलं तर ते धरत नाहीत. आणि मुलाची गावाकडे बायको आहे हे माहीत असून मुलगी राहिली, तर तिला या कायद्याचा आधार मिळणं फार अवघड आहे. 2013 च्या एका निकालात तसंच झालं. म्हणून त्याच्या गावी कोण कोण आहे, याची चौकशी आधी करा.

या कायद्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती एक ओळ. एकत्र राहत असलेलं घर बाईच्या नावावर नसलं, तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. कायद्याने जे व्हायचं त्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर भाड्याचं असेल, तर न्यायालय त्याला दुसऱ्या जागेची सोय करायला किंवा भाडं द्यायला सांगू शकतं.

हे ऐकताना चाकणच्या मुलीचंच बघू नका. "माझ्या घरातून चालती हो" हे वाक्य इथे बसलेल्या कितीजणींनी ऐकलंय? हात वर करू नका, मला माहीत आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, तुम्ही तिथे नांदत असाल तर ते तुमचंही राहतं घर धरलं जाऊ शकतं, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नवरा-बायको दोघांचं नाव लावायचा शासन निर्णय तर 2003 चा आहे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घराचा उतारा आणा. नाव नसेल तर अर्ज इथेच लिहू.

घरी मारहाण असेल, किंवा मुलीला बाहेर काढलं असेल, तर 181 वर फोन करा, जीवावर आलं तर 112. तक्रार लिहून घ्यायला संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्या कार्यालयाचा पत्ता मी सगळ्या सीआरपी ताईंकडे दिला आहे. पत्ता मागताना कारण सांगायची गरज नाही, आणि सीआरपी ताईंनीही विचारायचं नाही.