तडा गेलेला तंबोरा

गवयाच्या घरीं तंबोऱ्याला तडा जाणें हें कांहीं नवल नव्हे. वाद्य कोपऱ्यांतून घसरतें, प्रवासांत एखाद्याच्या हातून आपटतें, नाहींतर उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत त्याचा सांधा उकलतो. तडा दिसला कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वडिलांच्या वेळचें वाद्य आहे, तें कारागिराकडे पाठवा. दुसरा म्हणतो, दुरुस्तीच्या खर्चांत आणखी भर घातली तर नवा तंबोरा येईल; शिवाय कळ दाबतांच षड्ज-पंचम देणारें विजेचें यंत्र आहेच. पहिला ममतेनें बोलतो, दुसरा हिशेबानें. तडा मात्र कोणीच नीट पाहत नाहीं, आणि निर्णयाचें बीज तर तेथेंच आहे.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे कडू भोपळ्याचें वाळलेलें कवच होय. मिरजेच्या कारागिरांकडे हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें येतात. गळा, दांडी व तबली हीं अंगें तून वृक्षाच्या लांकडाचीं असतात. तबलीवर घोडी उभी असते. चारही तारांचा दाब घोडीवरून तबलीवर उतरतो, आणि त्यांची ओढ दांडी व गळा यांना सोसावी लागते. कवच त्या मानानें हलकें व ठिसूळ. परंतु नाद घुमतो तो त्याच्याच पोटांत.

यावरून सगळे तडे सारखे नसतात हें उघड होतें. केवळ रोगणांत केसासारखी रेघ उमटली असेल तर तिची चिंता करण्याचें कारण नाहीं. मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों, तसा भोपळा नखानें हलकेंच वाजवावा. आवाज सर्वत्र एकसारखा आला तर कवच शाबूत समजावें. एके जागीं बद्द आला तर तडा आंत गेला आहे. तारा छेडल्यावरही ही परीक्षा होते. जवारीचा झंकार तारेबरोबर फुलतो आणि तिच्याबरोबरच विरतो. तड्याची कुरकुर निराळी. ती बहुधा एखाद्याच स्वराला उठते आणि कानाला बोंचते. गळ्याचा सांधा उकलला असेल, तर मात्र एक दिवसही थांबूं नये. तारा तत्काळ सैल कराव्या, कारण त्यांची ओढ तो सांधा क्षणोक्षणीं अधिकच उघडीत असते. तबली दबली असेल तर घोडी खचते, तारांची उंची बदलते, आणि जवारी कितीही घासली तरी स्वर खुलत नाहीं.

घरगुती उपायानें येथें सर्वांत अधिक नुकसान होतें. उत्साही मंडळी बाजारांतलें चिकटद्रव्य तड्यांत ओततात. तें कडांवर कठीण होऊन बसतें, कडा पुन्हां एकमेकींस भिडत नाहींत, आणि कारागिराला जोडण्याआधीं तें खरवडण्याचेंच काम पडतें. कवचाचे तुकडे पडले असतील तर बारीकसारीक कपचीसुद्धां फडक्यांत बांधून ठेवावी. तुकडे सगळे असले तर कुशल हात ते जागच्या जागीं बसवितो, आंतून कापडाचा आधार देतो, आणि वरून रंग-रोगण असें चढवितो कीं सांधा शोधावा लागतो.

असे हात मिरजेस आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार हत्यारांना धार लावणारे होते. हत्यारांचे दिवस संपत आले तेव्हां त्यांच्यांतील फरीदसाहेब वाद्यांच्या कामाकडे वळले, आणि त्यांच्या मागें तें घराण्याचें काम झालें. खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य मिरजेस होतें. १९३७ सालीं ते निवर्तल्यावर त्यांचें दफनही तेथेंच झालें. तंबोरा लावण्याविषयीं त्यांची दक्षता प्रसिद्ध आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

तथापि प्रत्येक वाद्य दुरुस्त करावेंच असें नाहीं. दांडी बाकली असेल, लांकूड किडीनें पोखरलें असेल, तर खर्च पाण्यांत जाण्याचा संभव फार. भोपळ्याचा चुरा झाला असेल तर जुन्या दांडीला नवा भोपळा बसवितां येतो. पण त्याचा आवाज पूर्वीचाच राहील अशी अपेक्षा धरूं नये. हें कारागिराला आधींच स्पष्ट विचारावें, आणि तो 'पैसे घालवूं नका' म्हणाला तर त्याचा शब्द मानावा. आपली मजुरी बुडवून सल्ला देणाऱ्याचा सल्ला सहसा खोटा नसतो.

राहतां राहिला यंत्राचा प्रश्न. यंत्राला तडा जात नाहीं, त्याची जवारी बिघडत नाहीं, आणि एकट्यानें रियाज करणाऱ्याची त्यानें मोठी सोय झाली आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तंबोरा जुळवितां जुळवितां शिकणाऱ्याचा कान तयार होतो. यंत्र तें काम त्याच्या हातून काढून घेतें. कारागिराचेंही तसेंच आहे. नवें वाद्य करतांना तो आपल्या मापानें चालतो. जुनें उघडतांना त्याला मागच्या पिढीच्या हाताचें काम आंतून पाहावयास मिळतें. जुनीं वाद्यें माळ्यावर गेलीं तर ही शाळाही बंद पडेल.

म्हणून घरांत गाणारें कोणी असेल, निदान शिकूं पाहणारें एखादें मूल असेल, आणि दांडी व गळा धड असतील, तर दुरुस्तीचा खर्च सार्थकीं लागतो. वाजविणारें कोणीच नसेल, तर केवळ दिवाणखान्याच्या शोभेसाठीं तडा बुजविण्याची घाई नको. तारा उतराव्या, गवसणी घालावी, आणि ओल, ऊन व उंदीर यांपासून वाद्य जपावें. नीट राखलेला तडा पुढेंही जोडतां येतो. घरांत गाणारें माणूस येईल तेव्हां त्याला मिरजेची वाट दाखवावी.