एकाच डोळ्यात चमकणारी वीज

आभाळाकडे पाहताना डोळ्यापुढे एखादा ठिपका किंवा केसासारखं काही तरंगताना बऱ्याच जणांना दिसतं. वर्षानुवर्षं तेच दोन-चार ठिपके असतील, तर घाबरू नका. मी आज बोलतोय ते अचानक आलेल्या ठिपक्यांबद्दल. काल नव्हते आणि आज एकाच डोळ्यात भरून आले. रुग्ण सांगतात, "डॉक्टर, माशी हाकलायला हात जातो, पण माशी नसतेच." अंधारात मान वळवली की त्याच डोळ्याच्या कडेला वीज चमकते, असंही सांगतात.

डोळ्याच्या आत पारदर्शक जेली असते. पन्नाशी-साठीत ती पातळ होते, आकसते आणि मागच्या पडद्यापासून सुटू लागते. सुटताना पडदा ओढला जातो. या पडद्याला वेदना कळतच नाही. ओढलं तरी तो मेंदूला उजेडच कळवतो. तीच ती वीज. बहुतेकांच्या डोळ्यात जेली सुखरूप सुटते. पण काहींचा पडदा ओढीनं फाटतो. रक्तवाहिनी फुटली, तर रक्ताचे कण काजळीसारखे दिसतात. मग फाटीतून पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. नजरेत एका बाजूनं काळी सावली सरकू लागते. मागच्या थरातून मिळणारं पोषण तुटलं की पडद्याच्या पेशी मरू लागतात.

जाड मायनस नंबर असलेल्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना आणि डोळ्याला मार लागलेल्यांना हा धोका जास्त. त्यांच्या बाबतीत वयाचा हिशेब धरू नका.

शंभर वर्षांपूर्वी पडदा सुटला म्हणजे डोळा गेलाच, असं धरून चालत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की मूळ ती फाट आहे. ती बंद केली तर पडदा परत बसतो. आज नुसती फाट असेल, तर बाह्यरुग्ण विभागातच लेसर करून माणूस त्याच दिवशी घरी जातो. पडदा सुटला, तर मोठं ऑपरेशन लागतं. त्यात डोळ्यात गॅस भरला असेल, तर तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाटही चढायचा नाही, कारण उंचीवर गॅस फुगतो. नजरेचा मध्यबिंदू सुटण्याआधी रुग्ण आला, तर दृष्टी वाचण्याची आशा खूपच जास्त. म्हणूनच मला खरी तळमळ या उशिराची आहे. दुखत नाही, लालही दिसत नाही, दुसरा डोळा काम भागवतो, घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल, दिवाळीनंतर बघू." तेवढ्यात डोळा जातो.

एकेक डोळा झाकून पाहा. नवे ठिपके, वीज किंवा सावली दिसली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून हे कळत नाही. आणि एका डोळ्यापुढे एकदम अंधार येऊन काही मिनिटांत गेला, तर तडक मोठ्या रुग्णालयात जा. ती पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते.

तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, उजेड सोसवत नाही. तेव्हा सोबत कुणाला तरी न्या आणि येताना गाडी त्यांनाच चालवू द्या.