गुडघ्याचे तणावे
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण)



शंभर वर्षांची परंपरा थोर मंडळींनी सांगितली. आम्हाला सांगितलंय गुडघ्यावर बोला. काहीजण हसले. पण माउली, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. दिवे घाट चढायचा, रिंगणात पावली खेळायची, वेळापूरच्या उतारावर धावायचं. हे सगळं कुणाच्या जिवावर? गुडघ्याच्या.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. तीन वर्षांखाली आपल्या दिंडीतल्या एका तरुण टाळकऱ्याचा गुडघा रिंगणात गेला. त्याच्यासंगं आम्ही हाडाच्या डॉक्टरांकडं वरचेवर जात होतो. तिथं जे समजून घेतलं तेच सांगतो.

मुक्कामाला आपण तंबू ठोकतो. मधला खांब नुसता उभा राहतो का? चहूबाजूंनी तणावे ओढलेले असतात म्हणून राहतो. गुडघ्याचंही तसंच हाय. वर मांडीचं हाड, खाली नडगी, पुढं वाटी. ही हाडं एकमेकांत अडकवलेली नाहीत, दोऱ्यांनी बांधलेली आहेत. त्या दोरीला डॉक्टर लिगामेंट म्हणतात. मुख्य दोऱ्या चार. एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या अंगाला, आणि दोन सांध्याच्या पोटात फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या. हाडं घासू नयेत म्हणून मध्ये दोन गाद्या.

आता दोरी तुटते कशी? सरळ चालण्यानं सहसा तुटत नाही. पाय जमिनीत रोवलेला राहतो आणि अंग गर्रकन फिरतं, तेव्हा तुटते. पावलीत गिरकी घेताना पाय चिखलात रुतला, बांधावरून उडी मारली, हुतूतूत कुणी पाय धरला, झालं. त्या टाळकऱ्याला आतून 'कट्' असा आवाज आला. दोन-तीन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. इतक्या लवकर सूज आली म्हंजे बहुतेक सांध्यात रक्त उतरलेलं असतं. ते अंगावर काढायचं नाही.

पहिले दोन-तीन दिवस काय करायचं ते ध्यानात धरा. चालणं थांबवायचं. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, दिवसातून चार-पाच वेळा. थेट कातडीवर नको. बँडेज गुंडाळायचं, पण बोटं काळीनिळी पडतील इतकं आवळायचं नाही. पाय उशीवर उंच ठेवायचा. आणि तेल चोळणं, शेकणं, कुणाकडून पाय ओढून घेणं, हे करू नका. त्यानं सूज वाढते, अर्धी तुटलेली दोरी पुरी तुटू शकते. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा अडकून बसला असेल, वेडावाकडा दिसत असेल, पाऊल गार किंवा बधिर पडलं असेल, तर त्याच घडीला दवाखाना गाठा.

आणखी एक. एक्स-रेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही. हाड मोडलं नाही म्हणून पुष्कळजण घरी येतात. सूज उतरते, माणूस म्हणतो बरा झालो. मग उतारावर पाय अचानक सटकतो, गुडघा दगा देतो. एक तणावा तुटला तरी तंबू उभा दिसतोच. वारं सुटलं की कळतं. गुडघा असा निसटत असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. ते हातानं हलवून बघतात, लागलं तर एमआरआय काढतात.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. दोरी नुसती ताणली असेल तर काही आठवड्यांत सांधते. आतल्या अंगाची दोरी तुटली तरी पट्टा लावून बहुतेक वेळा आपली आपण जुळते. पोटातली पुढची दोरी मात्र पुरी तुटली की सहसा जुळत नाही. तिथं मांडीच्या मागची शीर घेऊन नवी दोरी बसवतात. काहींचं नुसत्या व्यायामावरही भागतं. कुणाचं काय, ते डॉक्टर वय आणि काम बघून ठरवतात.

पण व्यायाम कुणालाच चुकत नाही. तणावा कमजोर असला की चार माणसं खांब धरून उभी राहतात ना? मांडीचे स्नायू म्हंजे ती चार माणसं. गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. मग निजून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग टाच घसटत गुडघा हळूहळू वाकवायचा. हे डॉक्टरांना विचारून, पण नेमानं. आपण हरिपाठ चुकवत नाही, तसं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांत माणसाला बरं वाटतं, आणि घात तिथंच होतो. नवी दोरी अजून कच्ची असते. पावली, फुगडी, धावणं याला नऊ महिने ते वर्ष द्यावं लागतं.

त्या टाळकऱ्याचं रडणं पायासाठी नव्हतं. बापाची वारी त्यानं चालवली होती, ती खंडणार म्हणून तो रडत होता. पुढल्या आषाढीला आम्ही त्याला दिंडीच्या ट्रकमध्ये बसवलं. त्यानं मुक्कामावर भाज्या चिरल्या, बसल्या जागी टाळ धरला. त्याच्या पुढल्या साली तो पायी पंढरीला आला, आणि रिंगणात कडेला उभा राहून टाळ वाजवला.

म्हणून मायबाप हो, दुखणं लपवून चालणं याला आम्ही भक्ती म्हणत नाही, तो अभिमान झाला. ज्याचा पाय दुखावला त्याला ट्रकात जागा द्या, सेवा द्या, आणि 'वारी मोडली' असं त्याला कुणी म्हणू नका. पांडुरंग तर युगानुयुगं विटेवर उभाच आहे. एका सालानं तो कुठं जात नाही.

रामकृष्ण हरी.