स्टेशनांच्या आधीची गावं



मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला ‘कुठे राहता?’ असं विचारलं, की तो स्टेशनाचं नाव सांगतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. फार तर पुढे पूर्व किंवा पश्चिम जोडतो. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हापासून आपण हा सगळा मुलूख रुळांवरून पाहत आलो. पण ही चारही स्टेशनं ज्या बेटावर उभी आहेत, त्याचं जुनं नाव साष्टी. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. ती गावं आजही जागच्या जागी आहेत. ती पाहायची, तर लोकलमधून उतरून सायकलवर बसावं लागतं.

हिवाळ्यातल्या काही रविवारी मी दहा-बारा जणांना अंधेरीहून बोरिवलीला सायकलवरून नेतो. लोकलने हे अंतर अर्ध्या तासाच्या आतलं. आम्हाला अख्खी सकाळ लागते, कारण आम्ही समुद्राच्या बाजूने जातो आणि वाटेत तीनदा खाडी ओलांडतो. पूल नाही, तर होडीतून. सायकलीसकट.

निघण्याचा दिवस मी घड्याळापेक्षा पंचांग बघून ठरवतो. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीला 3 ने गुणायचं आणि 4 ने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला 6 वाजता, दशमीला साडेसातला, द्वादशीला 9 वाजता. दशमीच्या आसपासचा रविवार मिळाला, की आम्ही वेसाव्याच्या धक्क्यावर पोहोचतो तेव्हा खाडी भरलेली असते आणि चिखलात न उतरता होडीत चढता येतं. सोबतच्यांना हा हिशेब मी आधीच सांगतो. ज्याच्या घराच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, त्याच्या घरी समुद्राचं वेळापत्रकही आहे, हे ऐकून मोठी माणसंही मान वर करून बघतात.

पहिला थांबा गिल्बर्ट हिल. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत काळ्या बेसॉल्टचा 61 मीटर उंच कडा सरळ उभा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हा वाहिले त्या काळातला. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, म्हणून एकमेकांना चिकटून उभे केलेले खांब असावेत तसा तो दिसतो. चहूबाजूंनी खाणींनी पोखरला, तरी माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. देवी गावाची आहे, म्हणजे इथे गाव होतं. आमच्या सफरीचा धागा इथेच हाती लागतो.

तिथून सात बंगल्यामार्गे वेसावे. उतारवयात दादाभाई नौरोजी या वेसाव्यात राहिले. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था 1961 साली मुंबईत सुरू झाली, तीही आज इथेच आहे. याच किनाऱ्यावरचा कचरा 2015 पासून अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी आठवड्यामागून आठवडे उचलला. पण कोळीवाड्याच्या तोंडाशी आल्यावर मी सगळ्यांना सायकलवरून उतरायला सांगतो. त्यामागे एक आठवण आहे.

पहिल्याच वर्षी मी घंटी वाजवत रांगच्या रांग मांडवी गल्लीत घातली होती. गल्ली अरुंद. दाराशी बायका मासळी निवडत बसलेल्या, पाट्या जमिनीवर. एका मावशींनी हात आडवा धरला आणि म्हणाल्या, “बाळा, इथं माणसं राहतात. उतर आणि चालत ये.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. सफर नेणाऱ्याने शिकायची पहिली गोष्ट मला त्या मावशींनी शिकवली. दुसऱ्याच्या अंगणात चाकावरून शिरायचं नाही. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि निघताना काहीतरी विकत घ्यायचं. ज्यांच्या दारात उभं राहून आपण शिकलो, त्यांचं त्या दिवशीचं काम आपल्यापायी थांबलेलं असतं.

चालत गेलं, की वलांडी दिसते. बांबूंची उंच चौकट आणि तिला आडव्या दोऱ्या. तिच्यावर बोंबील टांगायला ना सुतळी लागते ना आकडा. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर सोडायची, एक अलीकडे, एक पलीकडे. सराईत हात हे बघता बघता करतात, आमच्यातल्या एखाद्याला दोन जबडे जुळवताना चार मिनिटं लागतात. बोंबलाच्या अंगात पाणी फार. वारा आणि ऊन मिळालं, की दोन-तीन दिवसांत तो आटून काडीसारखा होतो, आणि मग पावसाळ्यात घरोघरी पुरतो. किनाऱ्यावरची मोकळी जागा कोळ्याला कशासाठी लागते, हे त्या चौकटीखाली उभं राहिल्यावर वेगळं समजावावं लागत नाही. लांबून जी जागा पडीक वाटते, ती त्याचं खळं आहे.

धक्क्यावरून मढला होडीने जायला मोजकी मिनिटं लागतात. मोटारीने जायचं तर मालाडवरून वीसेक किलोमीटरचा वळसा. होडीत सायकल चढवताना पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि चाक आधी आत घ्यायचं. खलाशी हात देतोच. या खाडीवर पुलाची योजना आहे. पूल झाला, तर मढच्या आजाऱ्याला रुग्णालय जवळ येईल, आणि ते व्हायलाच हवं. माझं मागणं एवढंच, की त्या पुलावर सायकलला आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला हक्काची वाट असावी.

मढच्या टोकाला वेसाव्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांचा हा किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि 1774 साली इंग्रजांनी साष्टी घेतली तेव्हा त्यांच्याकडे गेला. तो आम्ही बाहेरूनच पाहतो आणि एरंगळकडे वळतो. एरंगळला समुद्राकडे तोंड करून सेंट बोनाव्हेंचरचं चर्च उभं आहे, 1575 सालचं. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. चर्चची, पण आम्ही सगळे तिला जत्राच म्हणतो. आजूबाजूची हिंदू कोळी कुटुंबंही तिला येतात.

मार्व्याला दुसरी होडी. पलीकडे मनोरी, पुढे गोराई. उत्तनपर्यंतच्या या पट्ट्याला पूर्वी धारावी बेट म्हणत. माहीमजवळची धारावी ती वेगळी. इथे नारळ आहेत, विहिरी आहेत, भाजीचे वाफे आहेत, आणि घराघरांसमोर पांढरे क्रूस आहेत. ईस्ट इंडियन समाजाची ही गावं. 1887 साली त्यांनी हे नाव घेतलं, पण बोली मराठीचीच. उन्हाळ्यात इथल्या बायका पंचवीसेक जिन्नस भाजून, कुटून मसाला करतात आणि काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो बॉटल मसाला. एका घरच्या ओट्यावर आम्ही पाणी प्यायला थांबतो. घरातल्या आजी प्रत्येकाला विचारतात, “तुमचा गाव कंचा?” कुणी कांदिवली म्हणतं, कुणी घाटकोपर. आजी पुन्हा विचारतात, “ते ठेसन झालं. गाव कंचा?”

त्या प्रश्नापाशी बहुतेक जण गप्प होतात. मग कुणी कोकणातलं गाव सांगतो, कुणी साताऱ्याचं. ते खरंच असतं. पण ज्या जमिनीवर आपण तीस-चाळीस वर्षं राहिलो, तिचं गाव आपल्याला ठाऊक नसतं. घाटकोपरमध्ये किरोळ आहे, मुलुंडमध्ये गव्हाणपाडा आहे, अंधेरीत आंबिवली आहे. 1950 आणि 1957 साली ही गावं टप्प्याटप्प्याने मुंबई महापालिकेत आली. कागदावर नावं राहिली, जिभेवरून गेली.

गोराईच्या खाडीत तिसरी होडी. एका बाजूला विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट, दुसरीकडे तिवरं आणि पलीकडे बोरिवलीच्या इमारती. इथे सगळे शांत असतात. पाय दुखत असतात, ओठांवर मीठ आलेलं असतं. मला अजून एक थांबा घ्यायचा असतो.

बोरिवली पश्चिमेला एक्सर गाव आहे. तिथे जुने वीरगळ उभे आहेत. लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेल्या या उंच शिळा शिलाहार काळातल्या. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात 13व्या शतकात समुद्रावर जी लढाई झाली, तिच्याशी अभ्यासक यांचा संबंध जोडतात. वर कैलास आणि शिवलिंगाची पूजा, खाली लढाई. खालच्या पट्ट्याकडे मी बोट दाखवतो. दगडात होड्यांची रांग आहे. नाळ उंच उचललेली, आणि प्रत्येकीच्या कुशीतून फणीच्या दातांसारखी वल्ही बाहेर आलेली.

सकाळपासून तीन होड्यांत बसून आलेली माणसं त्या वल्ह्यांकडे बघत राहतात. त्यांना आता काही सांगावं लागत नाही. बोरिवली ज्यांना फक्त जलद लोकलची वेळ म्हणून ठाऊक होती, त्यांच्यासमोर तिथला समुद्र दगडात कोरलेला असतो. लोकलने गावांची स्टेशनं केली. सायकल त्या स्टेशनांची पुन्हा गावं करते.

श्रोतेहो, तुम्ही माझ्याबरोबर यायलाच हवं असं नाही. एखाद्या रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असताना, तुमच्या घराभोवती सायकलने एक फेरी मारा. गावदेवीचं देऊळ शोधा, जुनी विहीर शोधा, रस्त्याच्या कडेचा क्रूस शोधा. तिथे उतरा, चालत आत जा, आणि दारात बसलेल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, या गावाचं नाव काय. मग पुढच्या वेळी गोराईच्या आजींनी विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर असेल.