मुद्दाम दुबळी केलेली वस्तू



दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. आणि नाटक म्हणजे दोन-अडीच तासांचा शहरी प्रयोग नव्हे, तर पहाटेपर्यंत चालणारा जागर. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. कंपन्यांची कार्यालये तेथे, करारमदार तेथे, आणि तेथून चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी प्रयोग जातात. हजारो प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत नटाचा शब्द पोहोचतो तो ध्वनिक्षेपकामुळे. बिछायत केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ॲम्प्लिफायर ही चैनीची वस्तू नव्हे. शिंप्याला जसे शिवणयंत्र तसे त्याला हे यंत्र. ते त्याचे उत्पादनसाधन आहे.

या यंत्राच्या बाजारात आता एक चाल रूढ होते आहे. कारखानदार एकच सर्किट बनवतो, तेच ट्रान्झिस्टर, तोच वीजपुरवठा, तीच पेटी. एका यंत्राला तो पूर्ण शक्तीने चालू देतो आणि चढ्या भावाने विकतो. दुसऱ्याच्या आत चार ओळींची आज्ञा लिहून ठेवतो, किंवा एखादी तार तोडून ठेवतो, की ठरावीक मर्यादेपुढे याने आवाज वाढवू नये. हे यंत्र स्वस्त. वर नाव वेगळे, क्रमांक वेगळा. येथे प्रामाणिक स्वस्ताईशी गल्लत करू नये. लहान ट्रान्सफॉर्मर बसवला, ॲल्युमिनियम कमी वापरले, म्हणून यंत्र स्वस्त झाले, तर त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तसेच प्रतवारीचे. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे धान भरडला की अख्खा तांदूळ वेगळा निघतो, कणी वेगळी निघते आणि कणी स्वस्त जाते. पण अख्खा तांदूळ मुद्दाम जात्यात घालून, भरडण्याचा वरखर्च सोसून, त्याची कणी करून गरिबाला विकणारा दुकानदार कोणी पाहिला आहे काय? प्रस्तुत विषय या दुकानदाराचा आहे.

तो काल्पनिक नाही. १९९० साली आयबीएम कंपनीने एक लेझर प्रिंटर बाजारात आणला. तिच्या महाग प्रिंटरची गती मिनिटाला दहा पानांची होती, याची पाच. यंत्र बहुतांशी तेच. फरक एवढाच की स्वस्त यंत्रात, गती कमी करण्यासाठी, थांबण्याची आज्ञा देणारी जादा सामग्री घातली होती. म्हणजे स्वस्त यंत्र बनवायला अधिक काम पडले. पुढल्याच वर्षी इंटेलने ४८६ एसएक्स ही चिप काढली. ती म्हणजे गणिती भाग निकामी केलेली ४८६ डीएक्सच होती. ज्याला गणिती भाग हवा त्याने ४८७ ही चिप वेगळी विकत घ्यायची, आणि ती बसवताच ती आधीची चिप बंद करून सगळे काम स्वतःकडे घेई. ग्राहकाने दोन चिपांचे पैसे मोजले. काम एकीने केले. अर्थशास्त्रात या प्रकाराला 'बिघडवलेल्या वस्तूं'चा सिद्धान्त म्हणतात. डेनेकेरे आणि मॅकअफी या दोघांनी १९९६ साली त्याची गणिती मांडणी केली. परंतु विचार त्याहून पुष्कळ जुना आहे. फ्रान्सचा अभियंता-अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्युप्युई याने १८४९ मध्येच रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिले होते की, त्या डब्यांना छप्पर नसते याचे कारण छपराला लागणारे थोडे पैसे नव्हेत. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसऱ्यातल्याला उन्हापावसात बसवायचे. गरिबाला इजा करण्याची हौस कंपनीला नव्हती. श्रीमंताला धाक घालायचा होता, आणि त्यासाठी गरिबाचे अंग वापरले गेले.

हिंदुस्थानात हे कोणाला परके वाटायला नको. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचे हाल जाहीरपणे मांडले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदावरून गेला. डबे तेच राहिले, पाटीवर 'दुसरा' असे लिहिले गेले. लाकडी फळी मऊ होण्यास एक समाजवादी रेल्वेमंत्री यावा लागला. मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात त्या खात्यावर होते. त्यांनी पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही. दुसऱ्या वर्गाच्या शयनफळीवर दोन इंच फोम घातला. २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झालेली, नागपूर-गोंदियावरून जाणारी गीतांजली एक्स्प्रेस तर वर्गविहीन गाडी म्हणूनच निघाली. त्या दोन इंचांनी रेल्वे बुडाली नाही आणि पहिला वर्गही ओस पडला नाही. इतकी दशके लोकांच्या पाठी लाकडावर घासल्या गेल्या त्या खर्चापायी किती आणि भेद टिकवण्यापायी किती, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आता कारखानदाराची बाजू न्यायाने पाहिली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. कल्पना करा, एक ॲम्प्लिफायर बनवायला बारा हजार रुपये पडतात. चंद्रपूरचा मोठा साउंडवाला त्यासाठी चाळीस हजार द्यायला तयार आहे. धानोऱ्याचा लहान बिछायतवाला अठरा हजारांच्या वर जाऊ शकत नाही. एकच किंमत ठेवायची तर कारखानदार चाळीस हजारच ठेवील, कारण एका गिऱ्हाइकावर त्याला अठ्ठावीस हजार सुटतात. अठरा हजारांना दोघांना विकले तर मिळून बाराच हजार सुटतात. म्हणजे धानोऱ्याच्या माणसाला यंत्रच मिळणार नाही. पाचशे रुपये खर्चून दुसरे यंत्र मोठ्या मैदानासाठी निरुपयोगी केले की चंद्रपूरकर चाळीसच हजार देतो, धानोरेकराला अठरा हजारांत काहीतरी मिळते, आणि कारखानदाराचा नफा साडेतेहतीस हजार होतो. कोणाचेच नुकसान नाही. मग तक्रार कशाची? डेनेकेरे-मॅकअफी यांनी दाखवले ते हेच, की काही परिस्थितीत वस्तू बिघडवल्याने सर्वांचेच भले होऊ शकते. समाजवाद्याने या युक्तिवादाला रागाने नव्हे, उत्तराने सामोरे गेले पाहिजे.

उत्तर त्या उदाहरणातच आहे. धानोऱ्याच्या माणसाला धडधाकट यंत्र देण्यास कारखानदाराला बारा हजार पडले असते. दुबळे देण्यास साडेबारा पडले. समाजाने तांबे, सिलिकॉन, श्रम आणि वीज पूर्ण यंत्रासाठी खर्च केली, वर आणखी पाचशे रुपये त्या यंत्राचा उपयोग होऊ नये म्हणून खर्च केले. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १९२१ च्या आपल्या ग्रंथात उद्योगपतींच्या या वृत्तीला सॅबोटाज म्हटले होते. कामगार काम मंद करतो त्याला ज्या नावाने हिणवले जाते तेच नाव त्याने मालकांना लावले. दुसरे असे की, बारा हजारांचे यंत्र चाळीस हजारांना विकता येते ते स्पर्धा नसते म्हणून. पुरेसे प्रतिस्पर्धी असते तर कोणीतरी ते कुलूप न घालता पंधरा हजारांना विकले असते. म्हणून ज्या बाजारात बिघडवलेल्या वस्तू मुबलक दिसतात तेथे मक्तेदारीची चौकशी करावी. ताप दिसला की आजार शोधावा तशी. 'सर्वांचे भले' हे वाक्य मक्तेदारी आणि विषम उत्पन्न ही दोन्ही गृहीत धरूनच खरे ठरते.

मर्यादा घालणेच वाईट, असे मात्र म्हणता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आवाजाला मर्यादा घालतात आणि पहाटेच्या प्रवेशात ते पुष्कळदा विसरले जातात, हेही खरे. पण ती मर्यादा छापील आहे, सर्वांना सारखी आहे, ऐपत पाहून बदलत नाही. शेतीच्या विजेचे उदाहरण अधिक अवघड आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे. कोळसा येथला, राख येथली. त्याच जिल्ह्यातल्या शेतपंपाला मात्र तीन फेजची वीज ठरावीक तासांपुरतीच, आणि आठवड्याच्या पाळीप्रमाणे अनेकदा रात्री. उरलेल्या वेळी एक फेज ठेवण्याची युक्ती गेल्या दोन दशकांत गावोगावी वापरली गेली: घरात दिवा लागतो, पंप चालत नाही. तार तीच, रोहित्र तेच. शेतकरी कपॅसिटर लावून एका फेजवर पंप चालवतो आणि कधी मोटर जाळून घेतो. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या वाघाच्या मुलखात रात्री पाणी धरायला जाणे म्हणजे काय, हे येथे सांगण्याची गरज नाही. तरीही या मर्यादेमागे टंचाई आहे, आणि वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणीत तिला आव्हान देता येते. ॲम्प्लिफायरमधल्या आज्ञेमागे टंचाई नाही आणि तिची सुनावणी कोठेच होत नाही.

यातला सर्वांत गंभीर भाग किमतीचा नसून मालकीचा आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार मालकी खरेदीदाराकडे जाते. पैसे मोजून यंत्र घरी आणले, तरी आतले कुलूप कारखानदाराचेच राहिले, तर विकले काय? टेस्ला कंपनीने २०१६ मध्ये ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी असलेली मोटार ६० ची म्हणून विकली. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ आले, लोक घरे सोडून निघाले, तेव्हा कंपनीने दूरवरून संदेश धाडून त्या गाड्यांची पूर्ण शक्ती काही दिवसांपुरती मोकळी केली. वृत्तपत्रांनी औदार्याचे कौतुक केले. पण ती बॅटरी प्रत्येक चालकाच्या बुडाखाली आधीपासूनच होती, तिचे वजन तो रोज वाहत होता. कंपनीने दिले ते फक्त अनुज्ञापन, आणि तेही परत घेतले.

अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने अशी डिजिटल कुलपे तोडणे गुन्हा ठरवले. ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी सूट मिळायला २०१५ साल उजाडले, आणि तीही दर तीन वर्षांनी पुन्हा मागावी लागते. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. त्याची भाषा सुदैवाने सौम्य आहे: कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले तरच शिक्षा. आपल्या मालकीच्या यंत्राची पूर्ण शक्ती वापरणे म्हणजे कोणाच्या पुस्तकाची वा गाण्याची चोरी नव्हे. ही सौम्यता व्यापारी करारांच्या दडपणाखाली जाऊ न देणे हे संसदेतल्या प्रतिनिधींचे काम आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे तिचे विषय. वर्षअखेर एक पोर्टलही उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

मागण्या फार मोठ्या नाहीत. पेटीवर छापावे की आतील यंत्र अमुक क्रमांकाच्या यंत्राशी समान असून त्याची शक्ती मुद्दाम मर्यादित केली आहे. सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग कंपनीबाहेरच्या दुरुस्तीवाल्याला रास्त दराने मिळावेत. आणि कुलूप काढले एवढ्याच कारणावरून, त्यामुळे बिघाड झाल्याचे सिद्ध न करता, हमी नाकारू नये. कारखानदार म्हणतील की असे झाले तर स्वस्त यंत्रच बंद करू. कदाचित काही काळ करतीलही. पण धानोऱ्याचे गिऱ्हाईक त्यांना हवे आहे. अठरा हजारांत साडेपाच हजारांचा नफा सोडून देणारा व्यापारी वडसाच्या बाजारपेठेतही सापडत नाही.

तोवर काम चालू आहे ते आलापल्ली, आरमोरी, मूल, नागभीड अशा गावांच्या बसस्थानकाजवळच्या लहान दुकानांत. तेथे एखादा कारागीर पेटी उघडतो, दोन यंत्रांची सर्किटे शेजारी ठेवून पाहतो, तोडलेली तार ओळखतो आणि पन्नास रुपयांचे डाग देऊन जोडतो. त्याला या कामाचा हक्क आहे की नाही, हे कोणत्याही कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही.