सोसायटीत मत कुणाचं?



गुलमंडीच्या गल्ल्यांत आता खाली दुकान, वर फ्लॅट.
फ्लॅट आले, सोसायटी आली.
आणि सभेत पहिला वाद मताचाच.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०.
त्यातला नियम सोपा आहे.
एक सभासद, एक मत.

कुणाचे दोन फ्लॅट असतील.
तरी मत एकच.

फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर?
कपाटातला भागदाखला काढा.
त्यावर पहिलं नाव कुणाचं, ते बघा.
मताचा हक्क त्यांचा.
ते सभेला नसतील, तर दुसऱ्या नावाचा.

ताई, माई, हे तुम्ही जरूर बघा.
घराच्या कर्जाचे हप्ते दोघं भरतात.
दाखल्यावर मात्र बाईचं नाव बहुधा दुसरं असतं.
मला हे खटकतं.
नवा फ्लॅट घेतानाच याचा विचार करा.

भाडेकरूला मत नाही.
वर्षानुवर्षं राहत असले, तरी नाही.

शेजाऱ्याला चिठ्ठी देऊन मत पाठवता येत नाही.
सभासदाच्या घरचं माणूस सहयोगी सभासद म्हणून नोंदलेलं असेल, तर ते मात्र मत देऊ शकतं.
पण मूळ सभासदाची लेखी संमती आधी हवी.

पुन्हा सांगते.
एक सभासद, एक मत.

मतं समसमान पडली?
मग अध्यक्षांचं जादा मत निर्णय करतं.